स्फटिकातील शृंखला आणि प्रकाशाचा रंग



बहुवारिक म्हणजे असंख्य लहान रेणू सांधून झालेली दीर्घ शृंखला. तिचे गुण पुष्कळसे तिच्या लांबीवर ठरतात. आखूड शृंखलांची ठिसूळ भुकटी होते, लांब शृंखलांचा चिवट धागा निघतो. द्रावणात ही लांबी आवरण्यासाठी रसायनज्ञ शृंखला खुंटवणारा पदार्थ मिसळतो. स्फटिकात मात्र रेणू जागच्या जागी जखडलेले असतात. तेथे बाहेरचे काही मिसळावे कसे?

इस्राएलच्या वाइझमन संस्थेतील गेर्हार्ट श्मिट यांनी 1964 मध्ये नियम मांडला, की शेजारील रेणूंचे द्विबंध समांतर आणि सुमारे 4.2 अँगस्ट्रॉमच्या आत असतील, तरच ते प्रकाशाने जुळतात व चार कार्बनांचे कडे तयार होते. जपानमध्ये मासाकी हासेगावा यांनी 1967 मध्ये डायस्टायरिलपायराझिनच्या स्फटिकातून असेच बहुवारिक मिळवल्याचे प्रसिद्ध केले. या रेणूच्या दोन्ही टोकांना द्विबंध असल्याने दोन्हीकडून शेजारी जोडला जातो.

मला यातील सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. मूळ रेणूत दोन्ही द्विबंध मधल्या कड्याशी संलग्न असतात, म्हणून तो 400 नॅनोमीटरहून अधिक तरंगलांबीचा प्रकाशही शोषतो. एक द्विबंध जोडणीत खर्ची पडला की ही संलग्नता तुटते आणि उरलेल्या टोकाला अधिक आखूड तरंगलांबीचा प्रकाश लागतो. त्यामुळे गाळणी लावून केवळ दीर्घ तरंगलांबीचा प्रकाश सोडला, तर सुटे रेणूच उत्तेजित होतात. ते एकमेकांना किंवा वाढत्या शृंखलेच्या टोकाला जोडले जातात. पण दोन शृंखला आपसांत जुळत नाहीत. सुटे रेणू संपले की वाढ थांबते आणि मोजक्या दुव्यांचे तुकडे हाती येतात. मग गाळणी काढून आखूड तरंगलांबीचा प्रकाश दिला, की तेच तुकडे टोकाला टोक जोडून लांब होतात. येथे प्रत्येक सांध्याला नवा प्रकाशकण लागतो, म्हणूनच हे साधते. एकदा पेटली की आपोआप धावणारी ही विक्रिया नव्हे.

अर्थात सर्व शृंखला काटेकोर सारख्या होत नाहीत. स्फटिकाचा पृष्ठभागच बराचसा प्रकाश गिळतो आणि गाभा अंधारात राहतो. म्हणून प्रयोगशाळेत बारीक स्फटिक, ते ज्यात विरघळत नाहीत अशा द्रवात ढवळत ठेवून त्यांवर प्रकाश टाकतात.