पोरीला कॉम्प्युटरला घातलं

धारूरला कॉम्प्युटर शिकलेल्या माणसांची वानवा नाही. एमकेसीएल २००१ मध्ये निघालं, पुढे त्यांचा एमएससीआयटी कोर्स सरकारी नोकरीला लागू लागला, आणि घरटी एक सर्टिफिकेट झालं. महा-ई-सेवा केंद्रातला मुलगा सातबारा काढून देतो, पीकविम्याचा फॉर्म भरतो. गावाच्या हिशेबी तोच कॉम्प्युटरवाला. त्यामुळे वडिलांनी मला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घातलं तेव्हा ओळखीच्या एका काकांनी त्यांना सरळच विचारलं, "एमएससीआयटीला तीन महिने लागतात. हिला एवढी वर्षं काय शिकवणारेत?"

प्रश्न रास्त होता. मी डिप्लोमा बीडला केला, मग डायरेक्ट सेकंड इयरला अंबाजोगाईला गेले, आणि आता पुण्याजवळ चाकण पट्ट्यात गाड्यांच्या आतल्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहिते. काकांना तेव्हा कुणीच धड उत्तर दिलं नाही. जून-जुलैत घरी आले की तोच प्रश्न वेगळ्या रूपात दारात उभा असतो. बापाच्या हातात मार्कशीट, मागे मान खाली घातलेला मुलगा, आणि "ताई, कॉम्प्युटर घ्यावं का आयटी? का ते नवीन एआयडीएस निघालंय, ते?" म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटारी उन्हाळ्यात दुकानात रांगेनं पडलेल्या असतात. त्यांचा प्रश्न काकांपेक्षा खोल होता. "यात करंट कुठून कुठं जातो?" असं त्यांनी विचारलं. अभ्यासक्रमाची सुरुवात खरोखर तिथूनच होते. विषयाचं नाव डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेनंच चालू-बंद होणारं बटण. अशी काही बटणं ठरावीक तऱ्हेनं जोडली की गेट होतं. अँड गेटची दोन्ही इनपुट चालू असली तरच त्याचं आउटपुट चालू. एक्सॉरचं मात्र दोन्हींपैकी नेमकं एक चालू असलं तरच. ही दोन गेटं शेजारी घेतली की बेरीज होते. एक्सॉर बेरजेचा अंक देतं, अँड हातचा. प्रॅक्टिकलला ७४८६ आणि ७४०८ या दोन आयसी ब्रेडबोर्डवर खोचून हे करतात. सुट्टीत मी ते दुकानात करून दाखवलं. एक आणि एक दिल्यावर हातच्याचा एलईडी लागला, तेव्हा वडिलांनी मल्टिमीटर काढून आयसीच्या एकेका पायावरचं व्होल्टेज तपासलं आणि मगच विश्वास ठेवला. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी तेवढंही केलं नव्हतं, जर्नल उतरवून सबमिशन उरकलं होतं.

इंटेलच्या ८०८५ या जुन्या चिपमध्ये असे सुमारे साडेसहा हजार ट्रान्झिस्टर होते. ॲपलनं २०२० मध्ये आणलेल्या एम-वनमध्ये १६०० कोटी. बेरीज दोन्हीकडे गेटंच करतात.

या ८०८५ ची फार चेष्टा होते. १९७० च्या दशकातली चिप अजून कशाला शिकवता, असं बाहेरचे लोक विचारतात. किट म्हणजे एक उघडा बोर्ड, त्यावर छोटा कीपॅड आणि लाल अंकांचा डिस्प्ले. ना स्क्रीन, ना माउस. ५ आणि ७ ची बेरीज करायची तर टाकायचं: ३ई ०५, ०६ ०७, ८०, ३२ ५० २०, ७६. म्हणजे एका रजिस्टरमध्ये ५ ठेव, दुसऱ्यात ७ ठेव, बेरीज कर, उत्तर २०५० या पत्त्यावर नेऊन ठेव, थांब. पत्ता उलटा लिहायचा, आधी ५० आणि मग २०, कारण ही चिप पत्त्याचा खालचा अर्धा आधी वाचते. त्या पत्त्यावर उत्तर बघायला गेलं तर १२ दिसत नाही, ०सी दिसतं. सोळा अंकांच्या मोजणीत बाराला सी म्हणतात. माझं मत विचाराल तर हे किट कधीही बंद करू नये. त्याची मेमरी फार तर ६४ केबी. सगळं यंत्र एका माणसाच्या डोक्यात मावतं आणि काहीही झाकलेलं नसतं. मोबाइलमध्ये तुम्ही ॲपवर बोट ठेवता आणि बोटाखाली किती थर आहेत ते कळत नाही. इथं थरच नसतात.

पुढचे विषय म्हणजे एकेक थर चढवणं. आकड्यांऐवजी शब्दांत लिहायचं तर असेम्बली. त्याच्यावर सी भाषा, जी डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये तयार केली. सी मध्ये लिहिलेलं आकड्यांत उतरवणारा कंपायलर. आणि या सगळ्याचा कारभारी, ऑपरेटिंग सिस्टीम. माझ्या मते या शिक्षणाचा गाभा हाच विषय आहे. आमच्याकडच्या पोरांना तो इतरांपेक्षा लवकर समजायला हवा, कारण त्यांनी तेलगावच्या साखर कारखान्याचं यार्ड पाहिलेलं असतं.

गळीत हंगामात ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या उभ्या असतात. ऊस टाकायची गव्हाण एक, वाहनं शेकडो. कुणाचा नंबर कधी लावायचा, कुणाला वजनकाट्यावर घ्यायचं, कुणाला थांबवायचं, हे कुणीतरी ठरवतं. प्रोसेसर ही गव्हाण आणि चालू असलेले प्रोग्राम ही वाहनं. फरक एवढाच की कारखान्यात एकदा लागलेली ट्रॉली रिकामी होईपर्यंत हलत नाही. कॉम्प्युटरमध्ये ऑपरेटिंग सिस्टीम एकाच्या चार मोळ्या घेते, त्याला बाजूला काढते, दुसऱ्याच्या चार घेते, आणि हे काही मिलिसेकंदांत. म्हणून गाणं वाजत असतानाच मेसेज येतो आणि मागे फोटोही अपलोड होत राहतो. प्रत्येकाला वाटतं गव्हाण आपल्यासाठीच मोकळी आहे.

नंबर लावण्यात चूक झाली तर काय होतं, याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण मंगळावरचं आहे. ४ जुलै १९९७ ला नासाचं पाथफाइंडर यान तिथं उतरलं. काही दिवसांनी त्यावरचा कॉम्प्युटर आपोआप रीसेट होऊ लागला. यानातली माहितीची देवाणघेवाण सांभाळणारं काम अतिमहत्त्वाचं, हवामानाच्या नोंदीचं काम कमी महत्त्वाचं. पण दोघांना एक सामायिक साधन लागे आणि ते एका वेळी एकालाच मिळे. हवामानाच्या कामानं ते धरलेलं असतानाच मध्यम महत्त्वाचं एक लांबलचक काम मध्ये घुसे. ते हवामानाला पुढं सरकू देत नसे, हवामान साधन सोडत नसे, आणि अतिमहत्त्वाचं काम ताटकळत बसे. ठरल्या वेळात ते उरकलं नाही की यंत्रणा काहीतरी बिघडलंय असं समजून स्वतःला रीसेट करी. इंजिनिअरांनी पृथ्वीवर ठेवलेल्या तशाच यंत्रावर हा घोटाळा पुन्हा घडवून आणला तेव्हा कारण सापडलं. उपाय असा, की कमी महत्त्वाच्या कामानं साधन धरलेलं असेतोवर त्याला वाट पाहणाऱ्याचं महत्त्व उसनं द्यायचं, म्हणजे मधल्याला घुसता येत नाही. ही युक्ती १९९० मध्ये शोधनिबंधात सविस्तर मांडलेली होती, आणि यानातल्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये तिची सोयही होती. फक्त ती बंद होती. पृथ्वीवरून दुरुस्ती पाठवून ती चालू केली, आणि रीसेट थांबले.

परीक्षेत यावर फार तर पाच मार्कांचा प्रश्न येतो, आणि मुलं लोकल ऑथरच्या पुस्तकातल्या चार ओळी पाठ करून तो सोडवतात. नोकरीत मी हेच रोज करते. आजच्या गाडीत एक कॉम्प्युटर नसतो, डझनावारी छोटे कंट्रोलर असतात. ब्रेकचा वेगळा, इंजिनाचा वेगळा, काच खाली-वर करणाराही वेगळा. ते सगळे बहुधा दोनच तारांवर एकमेकांशी बोलतात. बॉश कंपनीनं १९८६ मध्ये जाहीर केलेल्या या पद्धतीला कॅन बस म्हणतात. दोघं एकदम बोलू लागले तर ज्याच्या संदेशाचा क्रमांक लहान त्याचा संदेश पुढं जातो, दुसरा गुमान थांबतो. कुठल्या संदेशाला कुठला क्रमांक द्यायचा, हे माणसं बसून ठरवतात.

वर्गातून थेट जगात गेलेलं कामही आहे. ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकासोबत मिनिक्स नावाची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम दिली, विद्यार्थ्यांनी उघडून बघावी म्हणून. हेलसिंकी विद्यापीठातला लिनस टोरवाल्ड्स हा विद्यार्थी ती वापरत होता. १९९१ मध्ये त्यानं स्वतःची लिहायला घेतली, तीच लिनक्स. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी तीच आहे.

हे सगळं परदेशातच होतं असं नाही. सी-डॅक १९८८ मध्ये पुण्यात उभं राहिलं आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला, तो अनेक छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडून. सी-डॅकचे तेव्हाचे प्रमुख डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. अलीकडे आयआयटी मुंबईत प्रा. माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अजित' हा मायक्रोप्रोसेसर घडवला. त्याचा आराखडाही इथला आणि चिप बनली मोहालीच्या सरकारी कारखान्यात. पॅकेजच्या गप्पांत ही नावं कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता दारातल्या प्रश्नांकडे. कॉम्प्युटर, आयटी, एआयडीएस (म्हणजे एआय आणि डेटा सायन्स) यांच्या सुरुवातीच्या विषयांत फारसा फरक नसतो. पाटी वेगळी, प्रोग्रामिंग, डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, नेटवर्क तेच. सर्किट आणि चिपकडं ओढा असेल तर ईएनटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन, घ्यायला लाजू नका. माझ्या टीममध्ये त्यांचीच संख्या जास्त आहे. एआय आलंय, आता कॉम्प्युटर घेऊन काय करायचं, असंही विचारतात. एआय सरळसोट कोड लिहून देतं हे खरं. तेवढंच येणाऱ्याची अडचण होणार, हेही खरं. पण गाडी रस्त्यावर असताना कंट्रोलर मध्येच का रीसेट झाला, हे शोधायला खालचे थर माहीत असलेलं माणूस लागतं, आणि ते शिक्षण जुनं झालेलं नाही.

डिप्लोमाच्या वाटेला कमी लेखू नये. दहावीनंतर तीन वर्षं डिप्लोमा, मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षात. सीईटी द्यावी लागत नाही, हात कामाला लागलेला असतो आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरात पोरगं अर्ध्यात बाहेर पडलं तरी हातात काहीतरी असतं. दुखतं ते गणित. एम-थ्रीला लाप्लास आणि फूरिए समोर येतात, आणि बारावी करून आलेल्यांचा हात त्याला लागणाऱ्या कॅल्क्युलसवर आधीच बसलेला असतो. सुट्टीतच बारावीचं कॅल्क्युलस उरकून जावं.

मराठी माध्यमाची भीती बाळगू नये. पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये २०२१-२२ पासून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मराठीतून सुरू झालं. मी शिकले इंग्रजीतून, पण समजून घेतलं मराठीतून, मेसच्या पायरीवर मैत्रिणींशी भांडत. तसंच करा.

पैशाचं. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासनानं २०२४-२५ पासून पूर्ण माफ केलंय. प्रवेश मात्र कॅप राउंडमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की ही सवलत गेली. होस्टेल आणि मेस यात धरू नका. डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेयर आणि जात पडताळणीचे कागद बारावीला असतानाच करून ठेवा, निकालानंतर तहसीलला उभं राहायला जागा नसते.

आणि एक विनंती. ऑप्शन फॉर्म भरण्याआधी विद्यापीठाच्या साइटवरून दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम डाउनलोड करा. मराठवाड्यातली पुष्कळ कॉलेजं आता रायगडमधल्या लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी जोडलेली आहेत. ते आणि छत्रपती संभाजीनगरचं मराठवाडा विद्यापीठ यांत गल्लत करू नका. मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून विषयांची नावं वाचा. मग कॉलेजात जाऊन लॅब बघा, आणि सीनिअर मुलांना एवढंच विचारा, किट आणि मशीन तुमच्या हाताला लागतात का. ते हो म्हणाले तर खुशाल घाला पोरीला कॉम्प्युटरला.