जुन्या पोस्टकार्डावरचं तिकीट ओळखायचं कसं, आणि त्याची किंमत किती?

इंदूरच्या मल्हारगंजात एखाद्या जुन्या मराठी घराचा पोटमाळा आवरायला काढला, की पत्र्याच्या पेटीत दोऱ्याने बांधलेला पोस्टकार्डांचा गठ्ठा निघतो. पुणे, सातारा, बेळगाव, ग्वाल्हेरहून आलेली खुशालीची पत्रं. घरात लगेच दोन मतं पडतात. एक म्हणतो, रद्दीत टाका. दुसऱ्याने मोबाईलवर ‘जुनं तिकीट विका, लाखो कमवा’ असं वाचलेलं असतं. खरी गोष्ट या दोन्हींपेक्षा वेगळी आहे.

छापलेलं की चिकटवलेलं?

भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झालं. किंमत पाव आणा, म्हणजे जुना एक पैसा. साध्या सरकारी कार्डावर तिकीट कार्डासोबतच छापलेलं असतं. ते कात्रीने कापलं की कार्डही गेलं आणि तिकीटही. चित्राच्या कार्डावर वेगळं तिकीट चिकटवलेलं असतं. तेही पाण्यात भिजवून काढू नये. शिक्क्यासकट अख्ख्या कार्डालाच मोल असतं.

काळ कसा ओळखायचा?

राणी व्हिक्टोरियाचा चेहरा असेल तर छपाई साधारण एकोणिसाव्या शतकातली. सातव्या एडवर्डची तिकिटं १९०२ पासून, पाचव्या जॉर्जची १९११ पासून, सहाव्या जॉर्जची १९३७ पासून. १९२२ मध्ये कार्ड अर्ध्या आण्याला झालं. ‘नये पैसे’ दिसले तर तिकीट १९५७ किंवा त्यानंतरचं. १९२६ च्या आधीची बहुतेक तिकिटं लंडनला छापली जायची, नंतर आपल्या नाशिकच्या छापखान्यात. जुना साठा पुढेही वापरात असायचा, म्हणून नेमकी तारीख पोस्टाच्या शिक्क्यावरूनच घ्यावी.

होळकरांचं तिकीट

इंदूर संस्थानाने १८८६ मध्ये स्वतःचं तिकीट काढलं, त्यावर दुसऱ्या तुकोजीरावांचं चित्र होतं. पुढे शिवाजीराव, तिसरे तुकोजीराव आणि दुसरे यशवंतराव यांची तिकिटं आली. ही तिकिटं संस्थानाच्या हद्दीपुरतीच चालत. म्हणून मल्हारगंजातून पुण्याला गेलेल्या कार्डावर ब्रिटिश इंडियाचंच तिकीट दिसतं. ग्वाल्हेरची व्यवस्था वेगळी: तिथे ब्रिटिश तिकिटावरच ‘ग्वालियर’ असं छापून घेत, आणि ते देशभर चालायचं.

मग किंमत किती?

पाचव्या-सहाव्या जॉर्जच्या नेहमीच्या कार्डाला सहसा काही रुपयेच येतात. ती प्रचंड संख्येने छापली गेली होती. जुनं म्हणजे दुर्मीळ नव्हे. गांधीजींची १५ ऑगस्ट १९४८ ची तिकिटं घ्या. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये अशी चार होती. दीड आण्याचं आजही सहज मिळतं, दहा रुपयांच्याला खरी मागणी. चारही एकाच दिवशी निघाली, तरी किमतीत एवढा फरक.

कार्डाचा भाव वाढवतो तो बहुतेकदा शिक्का: स्वच्छ वाचता येणारा, लहान गावाचा, रेल्वे डाकेचा, युद्धकाळातल्या सेन्सॉरचा. स्थानिक पत्रावर वापरलेलं होळकरांचं तिकीट मिळालं तर जाणकाराला दाखवावंच. ओल, चिकटपट्टी, तुटलेले दाते, दोऱ्याचं भोक यांनी भाव पडतो. कॅटलॉगमधला आकडा चांगल्या प्रतीसाठी असतो; विकणाऱ्याच्या हातात त्याहून बरंच कमी पडतं.

फसू नका

विक्रीआधी ‘नोंदणी फी’ किंवा ‘कर’ मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नये. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाने चालणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये सावध केलं होतं. तिकिटांनाही तोच नियम लावावा. किमान दोन विक्रेत्यांकडून भाव घ्यावा आणि गठ्ठा एकरकमी देऊ नये.

कोपरा फाटलेलं कार्ड

गठ्ठ्यात एखादं कार्ड कोपरा फाडलेलं निघतं. बाजारात ते खराब माल. पण घरातल्या जुन्या माणसांना त्याचा अर्थ ठाऊक असतो: कोणी गेल्याची बातमी द्यायची तर कार्डाचा कोपरा फाडून पाठवत. कार्ड वाचून झालं की फाडूनही टाकत, म्हणून जपून ठेवलेलं असं कार्ड पाहायला मिळणं विरळाच. त्यात नाव असतं, तिथी असते, गावाचा शिक्का असतो. दोन राज्यांत विखुरलेल्या कुटुंबाला आपल्या माणसाचा एवढाच लेखी पुरावा उरलेला असू शकतो.

तेव्हा भाव विचारायच्या आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. अक्षर मोडी असेल तर वाचणारा शोधा. कोणी, कोणाला, कुठून लिहिलं ते वहीत उतरवा. तिकीट नंतरही विकता येईल.