सिग्नल गेला कुठे? पॅरामॅग्नेटिक एनएमआरबद्दल थोडंसं

पीएचडीच्या पहिल्या वर्षी निकेलचं एक कॉम्प्लेक्स बनवलं. प्रोटॉन एनएमआर नेहमीच्या सवयीने -२ ते १४ पीपीएम एवढ्याच विंडोत घेतला. सॉल्व्हेंट आणि थोडं पाणी, बाकी काही नाही. वहीत 'रिअॅक्शन फेल' लिहून मी ट्यूब धुवायला निघालो, तेव्हा सिनिअरने विचारलं, "विंडो वाढवून बघितलीस का?" नव्हती बघितली.

त्या निकेलवर दोन अनपेअर्ड इलेक्ट्रॉन होते. इलेक्ट्रॉनचा चुंबकीय मोमेंट प्रोटॉनच्या साधारण ६५८ पट असतो. असा इलेक्ट्रॉन शेजारी असला की प्रोटॉनला जाणवणारं चुंबकीय क्षेत्र पार बदलतं. फेरोसिन आणि निकेलोसिन बघा. रचना सारखीच, दोन कड्यांमध्ये एक धातू. फेरोसिनमध्ये सगळे इलेक्ट्रॉन जोडीने, म्हणून सिग्नल ४ पीपीएमच्या आसपास. निकेलोसिनमध्ये दोन एकटे, आणि सिग्नल थेट -२५० पीपीएमच्या जवळ!

हा कॉन्टॅक्ट शिफ्ट. एकट्या इलेक्ट्रॉनची स्पिन डेन्सिटी बंधांमधून न्यूक्लियसपर्यंत झिरपते. निकेलोसिनमध्ये ती कड्यातल्या कार्बनवर येते आणि हायड्रोजनवर तिची खूण उलटी होते, म्हणून सिग्नल ऋण बाजूला. दुसरा प्रकार स्यूडोकॉन्टॅक्ट. इथे बंधांची गरज नाही, परिणाम थेट अवकाशातून होतो. पण धातूची ससेप्टिबिलिटी दिशेनुसार बदलणारी हवी. हा शिफ्ट कोनावर अवलंबून असतो आणि अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो, म्हणजे त्यातून रचनेची माहिती मिळते. १९६९ मध्ये हिंकलीने कोलेस्टेरॉलच्या द्रावणात युरोपियमचं कॉम्प्लेक्स टाकून एकमेकांवर चढलेले सिग्नल असेच पसरवले होते.

आता मशीनवर काय करायचं? विंडो वाढवा, पण तेवढ्याने भागत नाही. ४०० मेगाहर्ट्झच्या मशीनवर २५० पीपीएम म्हणजे १ लाख हर्ट्झ. नेहमीचा पल्स एवढ्या लांब नीट पोचत नाही. पल्स छोटा करा, विंडोचा मध्य सरकवत दोन-तीन तुकड्यांत स्पेक्ट्रम घ्या. रिलॅक्सेशन झपाट्याने होतं, त्यामुळे स्कॅनमध्ये थांबायची गरज जवळजवळ नसते. हजारो स्कॅन पटकन होतात. सिग्नल फताडे येतील. कपलिंग शोधत बसू नका.

सापडलेला सिग्नल खरंच पॅरामॅग्नेटिक आहे ना, हे तापमान बदलून तपासा. शिफ्ट साधारण १/टी प्रमाणे बदलतो. थंड केलं की निकेलोसिनचा सिग्नल आणखी लांब पळतो. सॉल्व्हेंटचा सिग्नल फारसा हलत नाही.

माझे सिग्नल विंडो वाढवल्यावर सापडले. कॉपर(II) चं एकाच धातूचं कॉम्प्लेक्स असेल तर मात्र एवढं करूनही हाती काही लागेलच असं नाही. तिथे इलेक्ट्रॉन स्वतः सावकाश रिलॅक्स होतो आणि सिग्नल इतके रुंदावतात की बेसलाइनमध्ये विरून जातात. अशा वेळी सरळ ईपीआरचा स्लॉट बुक करा.