पाच परार्ध वेळा विचारलेला प्रश्न

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात, पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत, एका महिलेला देशातला पहिला आधार क्रमांक मिळाला. ४ एप्रिल २०१६ रोजी आधारधारकांची संख्या १०० कोटींवर गेली. मधले दिवस २,०१४. म्हणजे सुट्ट्या, सणवार, पूर, निवडणुका सगळे धरून रोज सरासरी पाच लाख माणसे. दर सेकंदाला पाच ते सहा. पाच वर्षांवरच्या प्रत्येकाची दहा बोटे, दोन बुबुळे आणि चेहरा टिपायचा, तोही या वेगाने.

बारा आकडी क्रमांकाची सुरुवात शून्याने किंवा एकाने होत नाही. शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून हिशेबाने निघतो. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर हा शेवटचा आकडा ती चूक लगेच पकडतो. याकोबुस वेरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये ही युक्ती मांडली होती. तरीही ८,००० कोटी वेगवेगळे क्रमांक शिल्लक राहतात. क्रमांक वाटणे हे अवघड काम नव्हतेच.

अवघड होता एक प्रश्न : हा माणूस आधी येऊन गेला आहे का?

२००९ मध्ये नंदन नीलेकणी आधार क्रमांक देणाऱ्या प्राधिकरणाचे अध्यक्ष झाले. एका माणसाला एकच क्रमांक, हे या योजनेचे मूळ वचन. ते पाळायचे तर नव्याने आलेल्या प्रत्येकाची आधीच्या सर्वांशी तुलना करावी लागते. दुसऱ्याची पहिल्याशी, तिसऱ्याची दोघांशी आणि शंभर कोटीव्या माणसाची ९९,९९,९९,९९९ जणांशी. या सगळ्यांची बेरीज म्हणजे पाचवर सतरा शून्ये. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त संख्यास्थानांची नावे दिली आहेत. त्यातले शेवटचे नाव परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्ये. टेंभली ज्या खानदेशात आहे, त्याच खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे, त्यांच्या घराण्याचा उल्लेख असलेला शिलालेख आहे. आठ शतकांपूर्वी जिथे मोजणी थांबवली होती, तिथवर एका सरकारी योजनेला खरोखर जावे लागले : पाच परार्ध तुलना.

सेकंदाला एक तुलना करणारा कारकून बसवला असता, तर त्याला १,५८४ कोटी वर्षे लागली असती. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे.

नोंदणी ऐन भरात होती तेव्हा दिवसाला दहा लाखांपर्यंत अर्ज हाताळण्याची तयारी होती. नोंदींच्या भांडारात ६० कोटी माणसे जमलेली असताना दहा लाख नवे आले, तर त्या एका दिवसात ६०० लाख कोटी तुलना कराव्या लागतात, सेकंदाला जवळपास ७०० कोटी. हे साधले ते बरेचसे केंब्रिजच्या जॉन डॉगमन यांच्या गणितामुळे. त्यांनी बुबुळावरच्या नक्षीचे २,०४८ बिटांच्या संकेतात रूपांतर केले. मग दोन डोळे ताडून पाहणे म्हणजे किती बिटे वेगळी पडली एवढेच मोजणे, आणि ते संगणक डोळ्याचे पाते लवायच्या आत असंख्य वेळा करतो.

एवढी दहा बोटे आणि दोन डोळे कशाला, याचे उत्तरही त्याच पाच परार्धांत आहे. समजा, लाख कोटी तुलनांमागे यंत्राची एकच चूक होते. इतके काटेकोर यंत्र कुठल्याही कारखान्यात डोक्यावर घेतले जाईल. तरीही पाच लाख निष्पाप लोकांना ‘तुम्ही आधी नोंदणी केली आहे’ असे ऐकावे लागेल.

माझ्या मते आधारची खरी परीक्षा या प्रचंड बेरजेत झाली नाही. ती रोज रेशनच्या दुकानात होते, यंत्रावर अंगठा ठेवला जातो तेव्हा. एप्रिल २०२५ पर्यंत आधारच्या सर्व प्रकारच्या पडताळण्यांची एकूण संख्या १५ हजार कोटींवर गेली, आणि त्या महिन्यात रोज सुमारे सात कोटी पडताळण्या होत होत्या. शंभरात एक फसली, तरी दिवसाला सात लाख अपयशे. १४० कोटींच्या देशात हजारात एक माणूस वगळला गेला, तर ती संख्या १४ लाख होते. २०११ च्या जनगणनेत सगळ्या गोव्याची लोकसंख्या जवळपास तेवढीच होती. ऊस तोडणाऱ्या, विटा वाहणाऱ्या, भांडी घासणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात. म्हणून ही अपयशे सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाहीत. ज्यांना धान्याची सर्वांत जास्त गरज, त्यांचेच अंगठे यंत्राला ओळखू येत नाहीत.

अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेज आणि रीतिका खेरा हेच वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. केंद्र सरकारच्याच २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालात पडताळणी फसण्याचे अंदाज दिले आहेत : झारखंड ४९ टक्के, राजस्थान ३७ टक्के. हे आकडे वाचून कुठल्याही धोरणकर्त्याची झोप उडायला हवी होती.

निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिच्यातूनच २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला, नऊ न्यायाधीशांच्या एकमताने. २६ सप्टेंबर २०१८ रोजी आधार चार विरुद्ध एक मतांनी टिकले. विरोधातले ते एक मत धनंजय चंद्रचूड यांचे. भारतात ते अल्पमत राहिले. पण एप्रिल २०१९ मध्ये जमैकाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथला राष्ट्रीय ओळख कायदा रद्द करताना त्याच मताचा आधार घेतला. तीस लाखांहून कमी वस्तीच्या बेटावर, १४० कोटींच्या देशातल्या एका न्यायाधीशाचा विचार कामी आला.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. जागतिक बँकेच्या २०२१ च्या अंदाजाने जगात सुमारे ८५ कोटी लोकांकडे अधिकृत ओळखपत्रच नव्हते. ज्याच्याकडे कागद नाही त्याला बँक, शाळा, निवारा सगळीकडे दार बंद. २०३० पर्यंत प्रत्येकाला कायदेशीर ओळख मिळावी, हे संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतले एक लक्ष्य आहे. आधारच्या अनुभवातून बंगळूरच्या ट्रिपल आयटीत मोसिप ही मुक्त प्रणाली तयार झाली. फिलिपिन्स, मोरोक्को, इथिओपिया आपली ओळखव्यवस्था तिच्यावर उभारत आहेत. म्हणजे आपण केलेली चूकही आता निर्यात होऊ शकते, आणि केलेली दुरुस्तीही.

ती दुरुस्ती कायद्यात आहे. पडताळणी फसली म्हणून पात्र माणसाचा लाभ अडवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात सांगितले आहे. तुमच्या गावातल्या रेशन दुकानातून कुणी अंगठा न जुळल्याने रिकाम्या हाताने परत निघाले, तर त्याला थांबवा, दुकानदाराला हा निकाल सांगा, आणि तरीही धान्य मिळाले नाही तर त्याच्यासोबत तहसील कार्यालयात जा.