विनोदी कुमारकथा आणि प्रौढ वाचक

या स्मृतिव्याख्यानासाठी मी विषय कळविला, तेव्हा शाळेच्या काही माजी विद्यार्थ्यांनी सौम्य आश्चर्य व्यक्त केले. जन्मभर काव्यशास्त्र शिकविलेल्या माणसाने सत्तरी उलटल्यावर ‘गोट्या’ आणि ‘फास्टर फेणे’ यांच्याविषयी बोलावे, हे त्यांना थोडे विसंगत वाटले असावे.

खरे सांगावयाचे तर ही पुस्तके मी कधी सोडलीच नव्हती. ती चोरून वाचत होतो, इतकेच. आबिड्सच्या पदपथावर रविवारी भरणाऱ्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात भा. रा. भागवतांचे एखादे पुस्तक सापडले, की ‘मुलीसाठी घेतो आहे’ असे मी विक्रेत्याला न विचारताच सांगत असे. आमचे तेलुगू शेजारी मात्र मुळ्ळपूडि वेंकटरमण यांचे ‘बुडुगु’ बैठकीतील मेजावरच ठेवीत आणि आल्यागेल्याला बापूंची चित्रे दाखवून त्यातील पाने वाचून दाखवीत. त्यांना संकोच नव्हता. तो आम्हा प्राध्यापकांनाच अधिक.

प्रौढाचा हा आनंद म्हणजे निव्वळ स्मरणरंजन, असे म्हणणे सोयीचे आहे. मला ते पटत नाही. स्मरणरंजनात वाचक जुन्याच जागी पुन्हा हसतो. येथे हसण्याच्या जागाच बदलतात. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या मी शाळकरी वयात वाचला, तेव्हा त्याच्या खोड्यांना हसलो. हा मुलगा पोरका आहे, ही गोष्ट तेव्हा जाणवली नव्हती असे नाही. पण ती कथेची नुसती सुरुवात वाटली होती. आज त्याच खोड्या वाचताना त्याला आधार देणाऱ्या घरातील मोठ्या माणसांकडे लक्ष जाते. मुलापुढे निरुत्तर होऊन उसना रुबाब सांभाळणारी ती माणसे म्हणजे आपणच, हे ध्यानात येते आणि हसू आपल्यावरच उलटते. मार्क ट्वेनने 1876 साली ‘टॉम सॉयर’च्या प्रस्तावनेत मोठ्यांनीही हे पुस्तक टाळू नये, अशी अपेक्षा स्पष्टच लिहून ठेवली होती. आमच्या लेखकांनी तसे लिहिले नसेल, पण मोठ्यांसाठी जागा राखून ठेवली.

भागवतांच्या बिपिन बुकलवार या पुस्तकवेड्या मुलाचे नावच पाहा. माझ्या मुलीला ते खरोखरीचे आडनाव वाटले, कारण नांदेड-आदिलाबादकडील अशी ‘वार’ने संपणारी आडनावे तिच्या ओळखीची होती. मी तिच्या मागे उभा राहून हसत होतो. इंग्रजीतील ‘बुक लव्हर’ला भागवतांनी आमच्या सीमाभागाचा पोशाख चढविला होता! एकाच शब्दावर मूल सरळ पुढे जाते आणि बाप थबकतो. मुलाच्या वाचनात त्यामुळे काही उणे राहत नाही. अशी दुहेरी वीण घालणे सोपे नाही. पुष्कळ गंभीर कादंबरीकारांना ती साधलेली नाही, हे माझे मत मी आता निवृत्त असल्यामुळे मोकळेपणाने मांडतो.

एक कबुलीही द्यावयाची आहे. अनेक वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने कुमारकथांतील विनोदावर संशोधन करण्याची इच्छा व्यक्त केली होती. तिच्या टिपणावर मी ‘विषयास पुरेसे वजन नाही’ असा शेरा लिहिला. त्याच आठवड्यात मी फास्टर फेणेचे एक पुस्तक पुन्हा वाचत होतो. तिने दुसरा विषय घेतला, पदवीही मिळविली. पण त्या मूळ टिपणात जे होते, ते पुढे तिने लिहिले नाही आणि मीही लिहिले नाही.

अलीकडे नातीला मी ही पुस्तके वाचून दाखवितो. ती इंग्रजी माध्यमात शिकते; देवनागरी वाचताना अडखळते, ऐकताना नाही. बुकलवार हे नाव ऐकताच ती खुदकन हसली. जे तिच्या आईला त्या वयात कळले नाही, ते हिला क्षणात कळले. मग तिने विचारले, “पण आजोबा, ‘वार’ का लावलंय?” तेव्हा पुस्तक मिटून मला तिला नांदेडच्या आडनावांविषयी सांगावे लागले.