गाडीचे पाणी जाते कुठे?

आपल्या संस्थेच्या मारुती व्हॅनची ओळख सभासदांना नव्याने करून देण्याची गरज नाही. ६ डिसेंबरला दादरची चैत्यभूमी, १३ ऑक्टोबरला येवल्याची मुक्तिभूमी, एरवी कोणाचा दवाखाना, कोणाचे परीक्षा केंद्र, असा तिचा वर्षभराचा राबता. मारुती कंपनीने ही गाडी १९८४ साली बाजारात आणली, पुढे तिला ओम्नी हे नाव मिळाले आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी वयस्करच. आपली तर घेतली तेव्हाही जुनीच होती.

ही गाडी गेल्या वर्षी तापू लागली. मुंबईकडे जाताना उतार असतो, तेव्हा काही जाणवत नसे. परतताना कसारा घाट चढू लागली की काटा लाल खुणेकडे सरके, आणि वयोवृद्ध आयाबायांना रस्त्याच्या कडेला उतरून बसावे लागे. एका गॅरेजवाल्याने गाडीखाली वाकून पाहिले आणि निदान केले : जमिनीवर थेंब नाही, म्हणजे पाणी आतल्या आत जळते, हेड गॅस्केट गेले आहे, हेड उतरवावे लागेल. त्याने सांगितलेली रक्कम आपण विद्यार्थ्यांच्या वह्या-पुस्तकांसाठी वर्षाकाठी बाजूला ठेवतो जवळजवळ तेवढी होती. कार्यकारिणीत काहींचे मत पडले की पैसे द्यावेत, काहींचे की गाडीच विकावी. आमचे म्हणणे एवढेच होते की, कालाम सुत्त वाचणाऱ्यांनी निदान गाडीच्या बाबतीत तरी ऐकीव गोष्टीवर निर्णय घेऊ नये. जमिनीवर थेंब नाही हे खरे. पण त्यावरून पाणी आत जळते हा निष्कर्ष निघतो का? सदर लेख या एका प्रश्नापुरता आहे.

प्रथम रचना समजून घेऊ. पेट्रोल जळून जी उष्णता होते तिचा मोठा भाग चाकांपर्यंत पोचतच नाही. काही सायलेन्सरवाटे जातो आणि बराचसा इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याला काढून न्यावा लागतो. पंप हे पाणी फिरवतो. इंजिन थंड असेपर्यंत थर्मोस्टॅट वाट बंद ठेवतो आणि सुमारे ८२ अंश सेल्सिअसला ती उघडतो. मग पाणी रेडिएटरमध्ये जाऊन थंड होऊन परत येते. गाडी धावत असताना वारा मिळतो, उभी असताना विजेचा पंखा लागतो.

यात सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे रेडिएटरचे झाकण. ते नुसते झाकण नव्हे, दाब धरणारी झडप आहे. त्यावर बहुधा ०.९ असा आकडा असतो. तेवढा जादा दाब आत राहिला तर पाणी १०० ऐवजी सुमारे ११८ अंशांना उकळते. झाकणाचे रबर कडक होऊन दाब सुटू लागला की ही सगळी सवलत गेली. शिवाय घाटमाथ्यावर हवेचा दाब कमी. इगतपुरीच्या सुमारे ६०० मीटर उंचीवर उघडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. म्हणजे इंजिनात फारसा दोष नसतानाही, केवळ झाकण निकामी झाल्याने, गाडी घाटातच उकळू शकते. चहाच्या दोन कपांच्या किमतीची नसली तरी ही काही महागडी वस्तू नव्हे.

गाडी तापते हा रोग नव्हे, लक्षण आहे. म्हणून ती कधी तापते हे आधी विचारावे. फक्त रहदारीत, उभ्या उभ्या तापत असेल तर पंखा, त्याचा स्विच वा फ्यूज पाहावा. फक्त वेगात किंवा चढावर तापत असेल तर रेडिएटरच्या नळ्या क्षाराने चोंदल्या असण्याचा, थर्मोस्टॅट अर्धवट उघडत असण्याचा किंवा पाणीच कमी असण्याचा संभव. काटा चढला आणि त्याच वेळी बॅटरीचा लाल दिवा लागला तर पट्टा तुटला असे समजून ताबडतोब थांबावे, कारण तोच पट्टा पंपही फिरवतो. थर्मोस्टॅटची परीक्षा घरीही होते : पातेल्यातील पाण्यात सोडून तापवावा; उकळीपूर्वी उघडला पाहिजे. पुष्कळ मेकॅनिक तो काढूनच टाकतात. आम्हाला ही रीत पसंत नाही. इंजिन थंडच धावते, पेट्रोल जास्त जाते आणि मूळ दोष झाकला जातो.

आता पाण्याचा हिशोब. बँकेत एक रुपयाचा फरक आला तरी तो कुठे गेला हे सापडल्याशिवाय घरी जाता येत नाही. तीच सवय आम्ही येथे लावली. रोज सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना मापाच्या भांड्याने खुणेपर्यंत पाणी भरायचे आणि किती लागले, गाडी किती किलोमीटर चालली, हे वहीत लिहायचे. दोन आठवड्यांत चित्र दिसले. गाडी उभी राहिली त्या दिवशी काहीच लागत नव्हते, गावातल्या फेऱ्यांना अर्धा ग्लास, आणि घाटाच्या एका फेरीला लिटरच्या वर. म्हणजे इंजिन गरम असताना आणि आत दाब असतानाच पाणी जात होते.

पाण्याला जायला वाटा मोजक्याच आहेत. होज पाइप व त्यांच्या क्लिपा, रेडिएटर, ब्लॉकला ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या गोल चकत्या, पंपाचे सील, झाकण. आणि आतली वाट म्हणजे हेड गॅस्केट. आतल्या वाटेने पाणी गेले तर ते खुणा ठेवते. डिपस्टिकवर किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते. मात्र केवळ झाकणाखालची थोडी साय पावसाळ्यात जवळच्या फेऱ्यांनीही येते. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही. तीनपैकी एक प्लग इतरांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत राहतात. मोठ्या गॅरेजात एक निळे द्रव्य असते. रेडिएटरमधली हवा त्यातून जाऊ दिली आणि ते पिवळे झाले तर जळलेला वायू पाण्यात शिरतो आहे असे समजावे. आपल्या व्हॅनमध्ये यांपैकी एकही खूण मिळाली नाही आणि निळे निळेच राहिले.

मग दुसऱ्या गॅरेजात, थंड इंजिनावर, रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून दाब भरला. काटा हळूहळू उतरू लागला. जमीन कोरडीच. या गाडीचे इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे सीट उचलून बॅटरी आणि लहान आरशाने शोधावे लागले. पंपाच्या खालच्या बाजूस एक बारीक छिद्र असते. सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर यावे, यासाठीच ते ठेवलेले असते. त्या छिद्राखाली पांढरट-हिरवट वाळलेला ओघळ होता. गाडी चालताना तेथून निघालेले पाणी गरम लोखंडावरच वाफ होऊन जाई, जमिनीपर्यंत पोचतच नसे. झाकण तपासले, तर तेही दाब धरत नव्हते. पंप, झाकण आणि जुना झालेला पट्टा, एवढेच बदलले. हेडला हात लावावा लागला नाही आणि खर्च पहिल्या आकड्याच्या पाचव्या हिश्श्यातही भागला.

पंप बसवल्यावर आत हवा अडकते. झाकण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू करावे, थर्मोस्टॅट उघडून पातळी खाली जाईपर्यंत थांबावे, भरत राहावे, मग झाकण लावावे. ही हवा न काढल्याने नव्या पंपावर खापर फुटल्याची उदाहरणे आम्ही ऐकली आहेत.

जे विद्यार्थी गाडी चालवायला शिकत आहेत त्यांनी दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच उकळते पाणी तोंडावर येते. किमान अर्धा-पाऊण तास थांबावे. आणि तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतू नये, ॲल्युमिनियमचे हेड वाकते किंवा तडकते, आणि मग हेड खरोखरच उतरवावे लागते. काट्यावरही पूर्ण विसंबू नये. पाणी फारच कमी झाले की काट्याचा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खालीच राहू शकतो.

बोअरचे पाणी तर घालूच नये. त्यातील क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचे मिश्रण उकळणबिंदू वाढवते, गंज रोखते, आणि त्याचा रंग गळतीची जागा दाखवतो. आपल्या पंपाखालचा तो हिरवट ओघळ त्यामुळेच ओळखता आला. मात्र कूलंट विषारी असून चवीला गोडसर असते. डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा.

पाण्याची वही अजूनही ड्रायव्हरच्या दारातील कप्प्यात आहे. गाडी नेणाऱ्या प्रत्येक सभासदाने तारीख, किलोमीटर आणि घातलेले पाणी एवढे तीन रकाने भरावेत. खालचा होज पाइप फुगीर दिसू लागला आहे. तो येत्या ६ डिसेंबरपूर्वी बदलायचा आहे.