संत्र्याच्या बागेतली पाणबुडी

नागपूरला ऊन आहे, संत्री आहेत, शून्य मैलाचा दगड आहे. नाही तो एक समुद्र. त्यामुळे आमच्या चिरंजीवांनी पाणबुडी करायला घेतली तेव्हा मी ती बातमी फारशी मनावर घेतली नाही. मी कॉलेजात मराठी शिकवतो. समुद्राशी माझा संबंध सागर, सिंधू, रत्नाकर या समानार्थी शब्दांपुरताच!

पण मुलगा हट्टाला पेटला होता. माझगाव गोदीत बांधलेली ‘कलवरी’ १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात दाखल झाली. तिची प्रतिकृती त्याला करायची होती. खरी बोट साडेसदुसष्ट मीटर लांब. तिच्या बहात्तराव्या हिश्शाने केलेली आमची बोट ९४ सेंटिमीटर भरली. सहा महिने जेवणाचे टेबल तिच्या ताब्यात होते आणि सौ. त्याला ‘गोदी’ म्हणू लागली होती.

काटोलकडे माझ्या एका स्नेह्याची संत्र्याची बाग आहे आणि बागेत शेततळे. तिथे जलावतरण ठरले. मुलाच्या हातात नवा कोरा ट्रान्समीटर होता, हल्ली सर्रास मिळतो तसा, २.४ गिगाहर्ट्झचा. बोट पाण्यावरून डौलात फिरली. मग त्याने बुडी मारण्याची कळ दाबली. टीचभर खाली गेली आणि ती बहिरी झाली! थांब म्हटले थांबेना, वर ये म्हटले येईना. मोटर चालूच, नाक खाली. पाहता पाहता ती तळाशी दिसेनाशी झाली.

बागेतल्या माणसाने दोर बांधून दोन वेळा बुडी घेतली, तेव्हा बोट हाती आली. “पोट्ट्याले रडू देऊ नका जी,” तो मला म्हणाला, “काही तुटलं नाही तिचं.” तुटले नव्हते खरे, पण मुलगा परतीच्या वाटेवर एक शब्द बोलला नाही.

आमच्या शेजारी एक काकाजी राहतात. तार खात्यातून निवृत्त झालेले आणि परवानाधारक हौशी रेडिओवाले. त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि सौ.ला विचारले, “वहिनी, तुमच्या मायक्रोवेव्हमध्ये कोरडी बशी तापते की वरण?”

“वरण,” सौ. म्हणाली.

“मग झालं! त्यातल्या लहरी याच्या ट्रान्समीटरच्याच घराण्यातल्या. पाणी त्यांना गिळून टाकते.”

पुढे त्यांनी हिशेब मांडला. या लहरींची शक्ती पाण्यात दर सेंटिमीटरला जवळजवळ चाळीस टक्के घटते. दहा सेंटिमीटर खोलीवर शंभरातला एक हिस्साही उरत नाही. म्हणजे बोट बहिरी नव्हती, आमचा आवाजच तिच्यापर्यंत पोचत नव्हता. उलट जुने छंदी ट्रान्समीटर २७, ४०, ७२ अशा मेगाहर्ट्झवर चालत. त्यांच्या लहरी लांब: २७ मेगाहर्ट्झची एक लहर सुमारे अकरा मीटरांची, तर २.४ गिगाहर्ट्झची साडेबारा सेंटिमीटरांची. गोड्या पाण्यात या जुन्या लहरी मीटरभर तरी सहज उतरतात. खाऱ्या पाण्यात मात्र त्यांचीही धडगत नाही. म्हणून तर खऱ्या पाणबुड्यांसाठी किलोमीटर किलोमीटर लांबीच्या लहरी लागतात. तमिळनाडूतले नौदलाचे ‘कट्टबोम्मन’ केंद्र १९९० पासून तेच काम करते.

“जुना सेट आहे का कुणाकडे?” काकाजींनी विचारले.

होता. माझ्याच कपाटात होता. माझा थोरला भाऊ इंजिनियर होऊन अमेरिकेत गेला आणि तिथेच राहिला. रविवारी रेडिओवर चालणारी लहान विमाने उडवायची, एवढा एकच नाद त्याला होता. तो गेल्यावर वहिनीने त्याचा ट्रान्समीटर मुलासाठी पाठवला. पाठीवर दादाच्या अक्षरातली कागदाची पट्टी: ‘चॅनेल ४२’. मी तो पेटीतून काढत नसे आणि कुणाला काढूही देत नसे.

काकाजींनी पट्टी वाचली. “हा ७२ मेगाहर्ट्झचा. अमेरिकेत हा पट्टा छंदी विमानांसाठी राखलेला आहे. बोटींसाठी ७५.”

मुलगा उडालाच. “म्हणजे पाण्यात चालेल?”

“पाण्याला चालेल, कायद्याला नाही. आपल्याकडे तो पट्टा आपला नव्हे.”

“पण काकाजी, तिथे रानात कोण ऐकणार आहे?”

म्हातारा एकदम गंभीर झाला. “हवा दिसत नाही म्हणून तिला कुंपण नसते असे नाही, बाळा. आपल्या आवाजाने दुसऱ्याचे बोलणे बुडाले, तर तो आपल्याला सांगायलाही येऊ शकत नाही.”

मीही मनातून मुलाच्याच बाजूचा होतो, हे कबूल केले पाहिजे. कायदा मोडण्याची मला हौस नव्हती. दादाचा सेट उघडावा लागू नये, एवढाच माझा स्वार्थ! काकाजी म्हणत होते की आपल्याकडे २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून कमी शक्तीच्या यंत्रांना परवान्याशिवाय मोकळा आहे. अटी अर्थात आहेत. शक्ती पाच वॉटच्या आत हवी, एरियल यंत्राचेच अंग हवे, यंत्राला मान्यता हवी. तेव्हा सेट २७ वर आणायचा, आणि त्याआधी वायरलेसच्या कचेरीला लिहून विचारायचे.

बरे, नुसता क्रिस्टल बदलून भागणार नव्हते. ७२ वरून ७५ वर जायचे तर नवा क्रिस्टल आणि थोडी जुळवाजुळव पुरते. २७ वर यायचे म्हणजे आतली वेटोळी नव्याने गुंडाळायची, कंडेन्सर बदलायचे, एरियलचे वेटोळेही दुसरे घालायचे. थोडक्यात, पेटी तीच आणि आवाज दुसरा. मग तो दादाचा सेट राहिला का?

अखेर मी वहिनीला फोन केला. ती हसली. “अहो भाऊजी, तुम्ही त्याची पूजा मांडलीत की काय? यांनी तो कितीदा उघडला होता, विचारा मला!”

कचेरीचे उत्तर आले, त्या रविवारी काकाजींनी मागचे स्क्रू काढले. झाकणाच्या आतून एक पिवळा पडलेला कागद निघाला. दादाचे अक्षर: ‘१९९१. नव्या नियमाप्रमाणे बदलून घेतला. आता कुणाच्या विमानाला त्रास नाही.’ त्या वर्षी अमेरिकेत चॅनेलांमधले अंतर कमी झाले होते आणि जुने सेट पसरट बोलत, म्हणून ते बदलून घ्यावे लागले होते. मी ज्याला हात लावू देत नव्हतो, ते यंत्र दादाने कधीच बदलले होते. आणि तेही दुसऱ्यासाठी! मी कागद चष्म्याजवळ धरून पुष्कळ वेळ उभा राहिलो. मुलानेच तो हळूच माझ्या हातातून घेतला.

पुढचे पंधरा दिवस घरात डाख देण्याचा वास होता. २७.१४५ चा क्रिस्टल बसला. रिसीव्हरही त्याच जातीचा मिळवला. रिसीव्हरचा क्रिस्टल ४५५ किलोहर्ट्झने खालचा असतो, हे मला आता झोपेतसुद्धा सांगता येते! या पट्ट्यात प्रत्येक चॅनेलला रंग असतो, आमचा पिवळा. एका एरियलवर कोणता चॅनेल चालू आहे हे दुसऱ्या खेळाडूला दुरून कळावे, म्हणून त्या रंगाची फीत बांधायची पद्धत आहे. सौ.ने जुन्या साडीची किनार फाडून दिली. तळ्यावर दुसरे कोणी नव्हते, तरी मुलाने ती बांधलीच. त्याला मी काही सांगितले नव्हते.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पुन्हा काटोल. या खेपेला संदेश तुटला तर मोटर आपोआप थांबावी, अशी सोयही बोटीत होती. बोट बुडाली. हात दीड हात खाली तिची काळी सावली आम्हाला दिसत होती. मुलाने कळ डावीकडे सरकवली. सावली डावीकडे वळली. त्याने तिला तळ्याच्या मध्यापर्यंत नेले, वळवले आणि वर बोलावले. आधी शिडाएवढा मनोरा, मग पाठ, मग सगळी बोट पाण्याबाहेर आली. बागेतला माणूस दोर घेऊन तयारच उभा होता. त्याने तो गुंडाळून खांद्यावर टाकला.

घरी आल्यावर मुलाने पेटीचे झाकण उघडले. दादाच्या ओळीखाली त्याने आपल्या अक्षरात वर्ष घातले आणि लिहिले, ‘२७.१४५. मोठे बाबा, आता पाण्यातही ऐकू येते.’

पाठीवरची ‘चॅनेल ४२’ची पट्टी मात्र त्याने काढली नाही. मीही काढ म्हटले नाही.